एका जुन्या तसबिरीचे वाचन

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद मनुष्यास फार पूर्वीपासून जडलेला आहे. कोणी नाणी जमवितो, कोणी पोथ्या, कोणी पितळेची उपकरणी. या मालिकेत गेल्या काही दशकांत जुन्या छायाचित्रांची भर पडली असून, त्यांतही व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील लष्करी अंमलदार व धाडसी प्रवासी यांच्या तसबिरींस संग्राहकांत विशेष मान आहे. हाताच्या तळव्याएवढा एक पुठ्ठा, त्यावर पिंगट झालेला एक चेहरा आणि खाली दोन ओळींचे नाव, एवढ्याचसाठी लिलावात चढाओढ होते. या चढाओढीत नेमके कशाचे मोल केले जाते आणि कशाचे करावयाचे राहून जाते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार केवळ धनिक संग्राहकांपुरता नाही. ज्या घराच्या माळ्यावर एखादी जुनी चौकट धूळ खात पडली आहे, अशा प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

उदाहरणादाखल एकच तसबीर घेऊ. लंडन येथील लॉक आणि व्हिटफील्ड या छायाचित्रकारांनी 'मेन ऑफ मार्क' या नावाची नामांकित पुरुषांच्या तसबिरींची एक मालिका १८७६ ते १८८३ या काळात प्रसिद्ध केली. तीत १८७६ साली कॅप्टन रिचर्ड फ्रान्सिस बर्टन याची तसबीर आली. उग्र मुद्रा, भरघोस मिशा आणि जणू समोरच्याची परीक्षा पाहणारी दृष्टी, असे हे रूप आहे. चित्रकार फ्रेडरिक लेटन याने १८७२ ते १८७५ या वर्षांत काढलेले याच पुरुषाचे तैलचित्र लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात असून, त्यात त्याच्या गालावरील व्रण स्पष्ट दाखविला आहे. बर्टनच्या तसबिरी जमविणारे लोक प्रथम तो व्रण शोधतात, इतका तो प्रसिद्धीस पावला आहे.

हा बर्टन आपणांस सर्वस्वी परका नाही. १८२१ साली जन्मलेला हा तरुण ऑक्सफर्डच्या विद्यापीठातून काढून टाकला गेला आणि कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत सनद मिळवून २८ ऑक्टोबर १८४२ रोजी मुंबईच्या बंदरात उतरला. त्याची नेमणूक अठराव्या देशी पलटणीत, बडोद्यास झाली. त्या काळी आपल्या किनाऱ्याने आगगाडी नव्हती. बर्टनने फत्तेमारी भाड्याने घेतली आणि खंबायतच्या आखातातील टंकारिया बंदर गाठले. मुंबईहून खंबायतकडे किनाऱ्याने जाणारे गलबत वसई, केळवे, माहीम, तारापूर करीत डहाणूवरूनच जावयाचे. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला डहाणूचा किल्ला, त्यामागील ताडांच्या रांगा व पूर्वेस महालक्ष्मीचा डोंगर या सर्वांसमोरून हा एकवीस वर्षांचा अंमलदार गेला. त्या वेळी त्याचे नाव कोणासही ठाऊक नव्हते.

पुढील सात वर्षांत त्याने जे केले त्यावर त्याची कीर्ती उभी आहे. १८४३ साली हिंदुस्थानी व गुजराती, १८४४ साली मराठी, अशा देशी भाषांच्या परीक्षा तो लागोपाठ उत्तीर्ण झाला. १८४३ साली इंग्रजांनी जिंकलेला सिंध प्रांत तेव्हा हिंदुस्थानातील त्यांच्या राज्याची वायव्य सरहद्द होता. तेथील कालव्यांच्या मोजणीखात्यात कॅप्टन स्कॉट याच्या हाताखाली बर्टन काम करू लागला. मिर्झा अब्दुल्ला असे नाव धारण करून, अर्धा अरब व अर्धा इराणी व्यापारी असल्याची बतावणी करीत तो बाजारांतून वावरे व लोकांच्या घरांतील बातमी काढी. ही विद्येची हौस होती तशीच हेरगिरीही होती, हे विसरून चालणार नाही. १८४७ साली आजारपणाच्या रजेवर तो गोव्यास व निलगिरीस गेला आणि त्या प्रवासावर त्याने लिहिलेले पुस्तक १८५१ साली निघाले. १८५३ साली त्याने यात्रेकरूच्या वेषात मक्केचा प्रवास केला. १८५५ च्या एप्रिलात बेर्बेरा येथे सोमाली लोकांनी त्याच्या तळावर छापा घातला, तेव्हा एक भाला त्याच्या एका गालातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडला. तोच तसबिरीतील व्रण. १८५८ च्या फेब्रुवारीत तो व त्याचा सहकारी स्पीक असे दोघे आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या काठी पोचले. १८७६ साली, म्हणजे ही तसबीर प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, बर्टन आपल्या पत्नीसह पुन्हा एकवार मुंबईस येऊन गेला. १८९० साली त्रिएस्त येथे त्याचा अंत झाला.

आता तसबिरीच्या अंगाकडे वळू. संग्राहकास प्रथम हे पाहावे लागते, की समोरची वस्तू खरोखर त्या काळची आहे की मागाहून केलेली नक्कल. यासाठी एक साधे भिंग पुरते. छापलेल्या पुस्तकातून कापलेले अलीकडचे चित्र भिंगाखाली ठिपक्यांचे दिसते. एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य छायाचित्रे अल्ब्युमेन पद्धतीची, म्हणजे अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर उतरविलेली आहेत. हा कागद अतिशय पातळ असल्यामुळे तो जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला असतो. त्यात ठिपके नसतात, मात्र वयोमानाने पिवळेपणा येतो व उजळ भाग फिके पडत जातात. आपली उदाहरणार्थ घेतलेली तसबीर मात्र तिसऱ्याच प्रकारची आहे. वॉल्टर वुडबरी या इंग्रज गृहस्थाने १८६४ साली एका नव्या कृतीचे पेटंट घेतले. तीत छायाचित्राचा उंचसखल सरसाचा साचा तयार करून तो प्रचंड दाबाने शिशाच्या पत्र्यात उमटवीत. मग त्या पत्र्यात रंग मिसळलेले पातळ सरस ओतून कागदावर ठसा घेत. अशा ठशात ठिपकाही नाही व दाणाही नाही, आणि रंग पक्का असल्यामुळे तो विटतही नाही. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही बर्टनचे डोळे आपणांकडे रोखून पाहत असल्यासारखे वाटतात.

आकारावरूनही काळाचा अदमास बांधता येतो. सुमारे अडीच इंच रुंद व चार इंच उंच पुठ्ठ्याची तसबीर ही भेटपत्रिकेच्या धर्तीची होय. तिचे पेटंट डिस्देरी नामक फ्रेंच छायाचित्रकाराने १८५४ साली घेतले, आणि १८६० नंतर तिची एवढी लाट आली की घरोघर तिच्या वह्या झाल्या. सुमारे सव्वाचार इंच रुंद व साडेसहा इंच उंच पुठ्ठा असेल, तर ती त्यानंतर प्रचारात आलेली 'कॅबिनेट' तसबीर समजावी. पुठ्ठ्याची पाठ अवश्य पाहावी. तेथे छायाचित्रकाराचे नाव, गाव व पत्ता छापलेला आढळतो, आणि त्याचे दुकान त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होते हे कळले, की तसबिरीचे साल जवळजवळ हाती येते. आपल्या इलाख्यात ही विद्या फार लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, तिच्या सभासदांत डॉक्टर भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग निघाला, आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे मुंबईतील नामांकित छायाचित्रकार झाले.

येथवर जे सांगितले ते पुठ्ठा, सरस व शाई यांचे ज्ञान झाले. परंतु तसबीर वाचणे म्हणजे एवढेच नव्हे. चौकटीत कोण आहे हे पाहून झाल्यावर चौकटीत कोण नाही हाही प्रश्न विचारावा लागतो.

बर्टनची सारी थोरवी भाषांवर उभी होती. त्या भाषा त्यास कोणी शिकविल्या? मुंबईस दोसाभाई सोराबजी नावाच्या वृद्ध पारशी गृहस्थांनी त्याचा श्रीगणेशा करविला. बडोद्यास हिमचंद नावाच्या नागर ब्राह्मणांनी त्यास गुजराती शिकविले व हिंदूंच्या आचारविचारांची ओळख करून दिली. आपल्या हिंदू गुरूंनी आपणांस जानवे घालण्याची अनुज्ञा दिली, असे बर्टन मोठ्या अभिमानाने सांगतो. ही अनुज्ञा शास्त्रास धरून होती किंवा कसे, हा वाद येथे नको. मला लक्षात आणून द्यावयाचे आहे ते एवढेच, की शिष्याची तसबीर आज राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ज्यांच्या मुखातून त्याने पहिला धडा घेतला, त्या दोघा गुरूंची केवळ नावे उरली आहेत. तीही त्याने लिहून ठेविली म्हणून. याच बर्टनने आपल्या देशातील लोकांविषयी अनेक ठिकाणी कठोर व तुच्छतेचे उद्गार काढले आहेत, हेही खरे. तथापि गुरूंची नावे नोंदविण्याइतकी कृतज्ञता त्याच्या ठायी होती, आणि तेवढ्या नोंदीमुळेच आज आपण त्यांचे स्मरण करू शकतो.

आफ्रिकेतील प्रवासाची गोष्ट याहून बोलकी आहे. टांगानिकाच्या वाटेवर बर्टन व स्पीक यांच्यासोबत सिदी मुबारक नावाचा एक वाटाड्या होता. बालपणी त्यास गुलाम म्हणून पकडून विकले गेले, आणि एका व्यापाऱ्याच्या मालकीत तो गुजरातेत वाढला. मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त होऊन तो झांझिबारकडे परतला. स्पीकला तेथील भाषा येत नव्हत्या. तो मुबारकशी हिंदुस्थानीत बोले व मुबारक ते इतरांस सांगे. गुजरातेत कानांवर पडलेल्या भाषेच्या बळावर आफ्रिकेच्या अंतर्भागातील ही सफर चालली! या मनुष्यास सर्वजण 'बाँबे' म्हणत. पुढे तो स्टॅन्लीबरोबर लिव्हिंग्स्टनच्या शोधास गेला आणि कॅमेरॉनबरोबर पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सारे खंड ओलांडून आला. लंडनच्या भूगोल मंडळाने त्यास रौप्यपदक दिले व पुढे निवृत्तिवेतनही ठरविले. परंतु नकाशावर नावे कोरली गेली ती साहेबांनी सुचविलेली.

आपल्या नाशिकाजवळील शरणपूर येथे गुलामीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांसाठी मिशनऱ्यांनी आश्रम चालविला होता. १८६६ साली लिव्हिंग्स्टनने अखेरच्या प्रवासास आरंभ केला, तेव्हा तेथील नऊ तरुण त्याच्यासोबत होते. १८७२ साली मागाहून पाठविलेल्या तुकडीत जेकब वेनराइट हा तेथेच शिकलेला तरुण होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा सोबत्यांनी त्याचा देह शेकडो कोस वाहून समुद्रकिनाऱ्यास आणला. वेनराइटने मृत्युस्थळाजवळील झाडावर लेख कोरला, त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली, आणि शवाबरोबर विलायतेस जाऊन १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्यविधीत भाग घेतला. शवपेटीजवळ असलेले त्याचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते. त्या छायाचित्रातील चेहऱ्यास आपण नावाने ओळखतो, याचे कारण त्यास लिहिता येत होते. नाशिकच्या त्या शाळेचे हे फळ मला फार मोठे वाटते.

याउलट ज्यांस लिहिता येत नव्हते त्यांचे काय झाले? फोर्ब्स वॉटसन व जॉन के यांनी संपादिलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा छायाचित्रग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने निघाला. त्यात देशातील शेकडो स्त्रीपुरुषांच्या प्रतिमा आहेत. चित्रांखाली बहुधा आढळते ते जातीचे किंवा जमातीचे नाव. व्यक्तीचे नाव क्वचित. छायाचित्र त्यांचेही आहे, परंतु ती तसबीर नव्हे, तो नमुना झाला. साहेबाचे छायाचित्र निघाले म्हणजे तो अमुक गावचा अमुक, अमुक पराक्रम केलेला. वनवासी मनुष्याचे निघाले म्हणजे तो केवळ एक भिल्ल, एक कोळी किंवा एक वारली.

हा दोष परकीयांचाच, असे म्हणून आपली सुटका होत नाही. आमच्या डहाणू व तलासरी भागातील जमीनदारांच्या व सावकारांच्या घराण्यांत, मग ती ब्राह्मणांची असोत, पारशांची असोत वा अन्य कोणाची, जुने कौटुंबिक छायाचित्र पाहावे. मध्यभागी खुर्चीवर आजोबा, शेजारी आजी, मागे मुलगे व सुना, पुढे जाजमावर नातवंडे. कडेस घोड्याचा लगाम धरून एक वारली गडी, किंवा धाकट्या मुलास कडेवर घेतलेली एक वारली बाई. चौकट करणाऱ्याने कित्येकदा त्याचा अर्धा देह कापलेला असतो. कुटुंबातील पंधराही माणसांची नावे घरातील वडीलधारे धडाधड सांगतील, परंतु त्या सोळाव्याचे नाव विचारावे, तो 'तो आपला गडी' एवढेच उत्तर मिळते. त्या काळी लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणाऱ्या वारल्यास या भागात 'लग्नगडी' म्हणत. कित्येकदा त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. या प्रथेचे भीषण स्वरूप सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३९ सालच्या सरकारी अहवालाने उघड केले, आणि १९४५ साली वारल्यांनी लाल बावट्याखाली वेठीविरुद्ध लढा पुकारला. लगाम धरून उभा असलेला तो गडी यांपैकी एक नसेल कशावरून? मग ज्या भिंतीवर ती चौकट लटकते, त्या भिंतीवर त्याचेही काही देणे आहे, असे मानावयास नको काय?

योगायोग असा, की त्याच वारली समाजाने चित्राची एक निराळीच रीत जपली आहे. लग्नाच्या वेळी सुवासिनी कुडाच्या गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघाट देवी, आणि भोवती शेत, झाडे, गुरे, तारप्याभोवती फेर धरलेली माणसे. दोन त्रिकोण जोडले की देह झाला, वर एक वर्तुळ ठेवले की मस्तक झाले. चेहरा कोणासच नाही. परंतु प्रत्येकजण काही ना काही काम करीत असतो, आणि चित्राच्या कडेवर कोणी कापला जात नाही. या कलेस १९७० नंतर भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे ठेवणारे जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला, आणि त्यांचे आयुष्य डहाणू तालुक्यातील गंजाड येथे गेले. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली व २०१८ साली ते निवर्तले. ज्या समाजातील माणसांस छायाचित्राखाली नाव मिळाले नव्हते, त्यातील एका पुरुषाने चित्राखाली आपले नाव लिहून ते जगास वाचावयास लावले.

असो. आता गृहस्थाश्रमी वाचकांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. घरे पाडून नव्या इमारती होत असताना जुन्या चौकटी रद्दीवाल्याकडे जातात. काच व लाकूड वेगळे काढले जाते व छायाचित्र फेकले जाते. तसे होऊ देऊ नये. आमच्याकडील समुद्रकाठच्या दमट हवेत भिंतीस घट्ट टेकलेल्या चौकटीमागे बुरशी धरते. यास्तव चौकटीच्या मागील दोन्ही कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावून हवेस वाट ठेवावी, आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवरून ती काढावी. छायाचित्र पाण्याने पुसू नये, डिंकाने चिकटवू नये, प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करू नये. सुटी छायाचित्रे आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवावी. वाटणीत छायाचित्रे विभागली जाण्यापूर्वी सर्वांच्या प्रती काढून घ्याव्या. हल्ली ते काम घरबसल्या होते.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र याहून स्वस्त आहे. त्यास लागते एक मऊ पेन्सिल व घरातील सर्वांत वृद्ध मनुष्याचा एक निवांत दुपारचा वेळ. पाठीमागे हलक्या हाताने साल, गाव व डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावी. सर्वांची म्हणजे सर्वांची. आजीचे माहेरचे नाव लिहावे. बालपणीच गेलेल्या मुलाचे लिहावे. विधवा म्हणून मागच्या रांगेत सावलीत उभ्या केलेल्या आत्याचे लिहावे. आणि गड्याचे, त्याच्या पाड्यासह, अवश्य लिहावे. घरात कोणास आठवत नसेल, तर त्या पाड्यावर जाऊन विचारावे. नातू-पणतू तेथे असतात, आणि त्यांच्यापाशी आपल्या आजाची एकही तसबीर नसते. आपल्या चौकटीतील तो कडेचा अर्धा मनुष्य कदाचित त्यांच्या घरातील एकुलती एक तसबीर ठरेल. तिची एक प्रत त्यांस नेऊन द्यावी. एवढ्याने जुने देणे फिटते असे मी म्हणत नाही, परंतु देणे आहे हे कबूल केल्याचे ते चिन्ह आहे.

आपल्या शास्त्रांनी मनुष्यावर देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. बर्टनने दोसाभाई व हिमचंद यांची नावे लिहून आपले ऋषिऋण अंशतः तरी मान्य केले. आपण भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी लावून पितृऋण मान्य करतो. परंतु ज्यांच्या श्रमावर त्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांचे ऋण कोणत्या सदरात घालावयाचे, हे ज्याच्या त्याच्या घरातील चौकट खाली उतरवून, तिची पाठ पाहून, ज्याने त्याने ठरवावे. पाठ कोरी असेल, तर पेन्सिल हाती घ्यावयास आजचा दिवस पुरेसा चांगला आहे.